कर्जाचा फोन मीच केला होता

पप्पा,

काल दुपारी कर्ज घ्या म्हणून फोन आला ना, ती मीच होते. ऐरोलीला डेटा एन्ट्री करते, असं तुम्हाला खोटं सांगितलं होतं; काम कॉल सेंटरमध्ये आहे. यादीत तुमचा नंबर आला, तेव्हा सर मागेच उभे होते, म्हणून टाळता आलं नाही.

तुम्ही म्हणालात, “पोरी, असले फोन नकोत म्हणून मी सरकारी नंबरवर नोंदणी केलीय. पण तुझा आवाज दमलेला वाटतोय, पाणी पी.”

मी फोन ठेवला आणि सरांना सांगितलं, “नोंदणी केलेल्यांना मी फोन करणार नाही.” ते चिडले, पण काढलं नाही. तक्रारींच्या टेबलावर बसवलं.

आज लवकर ड्युटी आहे, निघते. भाजी करून ठेवलीय. रागवायचं तर संध्याकाळी रागवा. इतके दिवस फोनवर प्रिया म्हणून बोलायचे, आजपासून माझंच नाव सांगेन.

सोनम