उलटा काटा

अहो,

सप्रेम नमस्कार. तक्रार गंभीर आहे. तीस वर्षं नुसत्या अंदाजाने तुम्हाला पोसलेल्या बाईला लेकीच्या घरी चहातली साखर काट्यावर तोलून घ्यावी लागते. हसू नका.

चिमी बरी आहे. नोकरी उत्तम, खोली नीटनेटकी. फक्त ओट्यावरच्या त्या पुस्तकाएवढ्या वजनकाट्यावर चढल्याशिवाय भाताचं शीतही तिच्या ताटात उतरत नाही. परवा साठ ग्रॅम, काल पन्नास. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकतं. मी परतीचं तिकीट पुढे ढकललंय. तुम्ही गोळ्या वेळेवर घेताय ना?

वाणी काटा मारून कमी देतो, मी जास्त देत होते. वाटी खालून बोटाने हळूच उचलून धरायची, म्हणजे आकडा कमी दिसतो. आज पकडली गेले.

"आई, बोट काढ."

"अगं, चार घास जास्त गेले तर काय आभाळ कोसळेल?"

"तूच म्हणायचीस ना, या ढोलीला कोण पत्करणार?"

पाहुण्यांसमोर गंमत म्हणून म्हणायचे हो. तुम्हीही हसायचात. ती हसायची का, आठवतं तुम्हाला?

मी बोट काढलं. तिने जास्तीचा भात परत भांड्यात टाकला. मग मी तिची माफी मागितली. बारा वर्षं राहून गेली होती. ती ताटावरून उठली नाही.

तुमचीच,
चिमीची आई