ध्रुवावरच्या ढगांत पाणी मुरतंय

४ जानेवारी, सकाळी १०.१०
नवीन वर्षाचा संकल्प: कोणावरही विनाकारण संशय घ्यायचा नाही.

दुपारी ४
कारण मिळालं. आमच्या हवामान-मॉडेलमध्ये ध्रुवाजवळचे ढग चुकतात, असं निरीक्षण विभागाच्या बाई मीटिंगमध्ये सर्वांदेखत म्हणाल्या. ते ढग अकरा वर्षं मी सांभाळतोय. बाईंचं लेसरचं यंत्र म्हणे उणे वीस डिग्रीलाही ढगात पाण्याचे थेंब दाखवतं. माझ्या मॉडेलमध्ये तिथे नुसता बर्फ. बर्फाचे ढग विरळ, म्हणून ऊन थेट समुद्रावर पडतं आणि नकाशावर समुद्र नको तितका तापलेला, लालभडक दिसतो. दिसू दे. उणे वीसला बर्फ नाही तर काय असणार?
हे मॉडेल जगभरच्या मॉडेलांच्या तुलनेसाठी पाठवायचं की नाही, ते साहेब महिनाअखेर ठरवणार. बाईंनी वेळ बरोबर साधली.

६ जानेवारी
यंत्राच्या काचेवर हिम साचत असणार. बाईंना तसं कळवलं. त्या म्हणाल्या, काच रोज पुसतात. कोण पुसतं, विचारलं. त्यांनी नाव सांगितलं. जरा जास्तच पटकन सांगितलं.

११ जानेवारी
कँटीनमध्ये बाई आणि माझ्या शेजारच्या टेबलाचा चष्मेवाला डोक्याला डोकं लावून बसले होते. मी जाताच विषय पार्किंगवर गेला. दोघांकडेही गाडी नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

१५ जानेवारी, रविवार
फ्रीज बिघडला. हिने फिल्टरच्या पाण्याची बाटली सकाळी फ्रीजरमध्ये ठेवली होती. काटा उणे आठवर, पाणी तसंच पातळ. मुलीने बाटली ओट्यावर आपटली, तर डोळ्यांदेखत सगळा बर्फ. मायलेकी माझ्याकडे बघत राहिल्या. ऑफिसातल्या बाईंचा घरी फोन आला होता का, असं हिला सहज विचारलं. ही म्हणाली, कोण बाई? फारच साळसूदपणे.

१६ जानेवारी
फ्रीजवाला मेकॅनिक येऊन गेला. म्हणाला, "साहेब, फ्रीज ठणठणीत आहे. पाणी फार स्वच्छ असलं की त्याला गोठायला निमित्त मिळत नाही. धुळीचा कण, धक्का, काहीतरी लागतं."
याला कोणी पढवलं?

१९ जानेवारी
चष्मेवाला आपणहून म्हणाला की ध्रुवाकडची हवा फार स्वच्छ असते, धुळीचे कण कमी, म्हणून तिथल्या ढगांतलं पाणी लवकर गोठत नाही. मेकॅनिकचंच वाक्य! म्हणजे प्रकरण घरापर्यंत पोचलंय.

२३ जानेवारी
मॉडेल उघडून तपासलं. ढगांच्या भागात एक ओळ सापडली: उणे पंधराच्या खाली सगळं पाणी बर्फ धरावं. हवेत कण किती, याचा विचारच नाही. इतकं ढोबळ मी लिहिणं शक्य नाही. कोणीतरी घुसवलंय. कॉम्प्युटर विभागाकडे लेखी तक्रार करून चौकशी मागितली. प्रत साहेबांना, बाईंना आणि उरलेल्या सर्वांना.

२६ जानेवारी
उद्या मीटिंगमध्ये साहेब चौकशीचा अहवाल वाचणार. शर्टाला इस्त्री केली. बाईंना जाहीर माफ करण्याचं तीन मिनिटांचं भाषण तयार. ही म्हणाली, अहो, तुमचंच चुकलं असेल तर?
ही पण.

२७ जानेवारी, संध्याकाळी ६
अहवाल एका परिच्छेदाचा होता. सदर ओळ तक्रारदारानेच आठ वर्षांपूर्वी लिहिली. शेजारी तक्रारदाराचीच टीप: 'तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात नीट करणे.'
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
नंतर बाई माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांना त्या ओळीबद्दल ऑगस्टपासून माहीत होतं. मला कसं सांगावं, ते चष्मेवाल्याला विचारत होत्या. मी खाली बघून ऐकलं. मग दोघांनी बसून ती ओळ बदलली. वीस मिनिटं लागली. छोटी चाचणी घेतली, तर ढगांत थेंब टिकले आणि समुद्राचा लाल रंग निम्म्याने उतरला. साहेब म्हणाले, आता पाठवू.
मी मन मोठं केलं. बाईंना म्हटलं, "यावर पेपर लिहू. तुमचं नाव आधी घाला."
त्या म्हणाल्या, "पेपर डिसेंबरातच छापून आला. तुमचं नाव आभारात आहे."
कशाबद्दल, ते विचारलं नाही.