माझ्या नावाचे दोन बार

चिरंजीव कुट्टप्पा यास,

तुझी थोरली बहीण बोळ्ळव्वा हिचे मेल्यानंतरचे आशीर्वाद. इग्गुतप्पाच्या कृपेने इकडे सगळं बरं आहे, मीसुद्धा. तुझा गुडघा कसा आहे? म्हैसूरला नुसता खुर्चीत बसून राहू नकोस, दुधाला तरी स्वतः जात जा. माझ्या मरणाची तार मिळाल्यावर तू बोपय्याला जे पत्र धाडलंस, ते देचम्मा मास्तरणीने मला दोनदा वाचून दाखवलं. (हेही तीच लिहिते आहे. मला अक्षर येत नाही म्हणून तू लहानपणी चिडवायचास, आता बघ, मी सांगते आणि मास्तरीण लिहिते.) 'माझी अक्का म्हणजे साक्षात कावेरम्मा' असं तू लिहिलंस. साठ वर्षांत तोंडावर कधी म्हणाला नाहीस. बोपय्याने 'आई जिवंत' अशी दुसरी तार केली, पण तोवर तुझं पत्र पेटीत पडलं होतं, त्यामुळे आता तुला शब्द मागे घेता येणार नाहीत.

झालं ते असं. माझ्या लेकाने, बोपय्याने, बेंगळुरूहून कळवलं की घरात बंदूक चालवणारं कोणी उरलं नाही, तेव्हा बाबांची थ्री-नॉट-थ्री कैलपोळ्दच्या सणाआधी पोलीस ठाण्यात जमा करून टाकू, माणूस येऊन घेऊन जाईल. माणूस येईल, तो येणार नाही. तुझे भाऊजी गेल्यापासून तीन वर्षं आमच्या देवघरात सणाला बंदूक पुजली जाते, नळीत कळलावीचं फूल मी खोचते, आणि नारळावर नेम धरायला शेजारचे लोक येतात. म्हटलं, जाणारच आहे तर शेवटची पुसून देऊ.

कुट्टप्पा, तू पलटणीत अशा शेकडो पाहिल्या असशील. मी एकच पाहिली, पण पन्नास वर्षं पाहिली. अक्रोडाचं लाकूड तुझ्या भाऊजींच्या गालाने जिथे गुळगुळीत झालंय तिथे अजून हात ठेवला की ऊब लागल्यासारखं वाटतं. दस्त्याच्या बुडाला पितळी झाकण, आत तेलाची कुपी आणि नळी पुसायची दोरी, जशी आपल्या आईच्या पानाच्या डब्यात सुपारी. दोरी ओढली, नळी उजेडाकडे धरली आणि डोळा लावला. आत वेढ्यावर वेढा फिरत गेलेला, आणि पार टोकाला दिवस चांदीच्या रुपयाएवढा. इतकं नीट काम ज्या माणसांनी केलं त्यांना कोणाचा जीव घ्यायचा होता, हे मला आजवर समजलेलं नाही. तुझे भाऊजी म्हणायचे, तू पूस, मी मारतो. पन्नास वर्षं मी पुसली.

डब्यात सात काडतुसं होती. त्यातली दोन घेतली आणि कॉफीच्या मळ्यामागे, जिथे मातीचा कडा उभा आहे, तिथे जाऊन एक नारळ ठेवला. दस्ता खांद्यात रुतवला (हे तुमचं बघून बघून), श्वास धरला आणि चाप ओढला. काय सांगू. खांद्याला म्हशीने लाथ मारली, समोरचा डोंगर बोलला, त्याच्यामागचा बोलला, मग झाडावरचे पोपटसुद्धा गप्प झाले. तो दारूचा वास मला तुझ्या भाऊजींच्या सदऱ्याचा म्हणूनच माहीत होता. मी तिथे किती वेळ उभी होते ठाऊक नाही, फार वेळ नसावा, कारण त्या भारावलेल्या भरात दुसरी गोळीही चुकून सुटली.

आता आपल्याकडे एक बार म्हणजे मुलगा झाला, आणि लागोपाठ दोन म्हणजे घरात कोणी गेलं, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. आणि आमच्या घरात जायला माझ्याशिवाय आहे कोण? मी घरी येऊन खांद्याला तेल लावते तोच पेम्मय्या आला. हो, तोच, बांधावरून बारा वर्षं माझ्याशी न बोललेला. त्याने आधी गडी पोस्टात पिटाळून दोन तारा करवल्या आणि मग तोंड बघायला आला. मागून पांढऱ्या लुगड्यांतल्या बायका, रडत. ओट्यावर पेम्मय्या गळा काढून सांगत होता की म्हातारी जिभेची तिखट होती, पण मनाची देवमाणूस. मी आतून म्हटलं, पेम्मय्या, बांध कोणाचा तेही सांगून टाक. तो मटकन खाली बसला. बायकांना माझ्या जिवंत असण्याचं तितकं काही वाटलं नाही. घरात मयत आणि चुलीवर डुकराचं मटण शिजतंय, याचाच त्यांना धक्का. मग आलेल्यांनी तांदळाच्या कण्यांचे कडंबुट्टू वळले आणि मटण संपवूनच गेले.

संध्याकाळी बोपय्या मोटारीतून उतरला. डोळे सुजलेले. मला पाहून पायरीवर बसला, कितीतरी वेळ माझा पाय धरून. मग भिंतीशी टेकलेली बंदूक उचलली, नळी उजेडाकडे धरली आणि हळूच म्हणाला, आई, ही आतून अजून नवी आहे गं. सणापर्यंत राहिला. तीन नारळ चुकवले, सगळ्या गावाने खिजवलं, चौथा फोडला. पण ठाण्याचा कागद अजून त्याच्या खिशात आहे. म्हणतो, मामा काय म्हणतील ते बघू.

तेव्हा मामाने काय म्हणायचं ते तू जाणतोस. उलट टपाली म्हण.

तुझी अक्का,
बोळ्ळव्वा

ता.क. भाऊजींचं जुनं वेब्ली पिस्तूल, जे मधून मोडलं की सहाही टरफलं एकदम बाहेर टाकतं, ते तू तेल द्यायला म्हणून नेलंस त्याला बावीस वर्षं झाली. सांत्वनाच्या पत्रात 'आता ते अक्काच्या घरी परत देतो' असं लिहिलंयस. तेल मुरलं असेल.

आणखी ता.क. (मास्तरीण म्हणते हे लिहू नका. लिही, बाई.) वर मी लिहिलंय की दुसरी गोळी चुकून सुटली. तू पलटणीतला माणूस. त्या बंदुकीचा खटका उचलून, मागे ओढून, पुढे ढकलून, खाली दाबल्याशिवाय दुसरी गोळी सुटत नाही, हे तुला माहीत आहे. बोपय्याच्या अजून लक्षात आलेलं नाही. येऊ देऊ नकोस.