राणीचं सोंग आमच्या घरचं

न्हाई आबा, रडायला डोळ्यांत काय घालावं लागत न्हाई. कांदा नाय, औषध नाय. कुणी मला हे विचारलेलं न्हाई, तरी सांगून टाकते, म्हणजे विषय मिटला. आन् राणीचं एवढं बोलणं पाठ कसं राहतं, तेबी विचारू नका. भात लावताना हात आपोआप चालतो का न्हाई, तसं तोंड चालतं. खाली बसलेल्या माणसांची भीती वाटती का? माणसांची भीती मला खाली असताना वाटायची. खेळात वर चढल्यावर कसली भीती, वर तर सगळं आधीच ठरलेलं असतं. परवा शाळेतली नवी बाई ओट्यावर येऊन बसली. मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला आन् म्हणली, "आजी, तुमच्या दृष्टीनं अभिनय म्हणजे काय?" मी म्हणलं, "चहा घे आन् उजेड हाय तवर जा, मढ गावापाशी रस्ता खराब हाय." गेली बिचारी. जे विचारायला पायजे व्हतं ते तिनं विचारलंच न्हाई. ते तुमाला सांगते. तुमी काय मधी बोलणार न्हाई आता.

आपल्या गावचं तुमाला काय सांगायचं, पण कागदावर लिवायचं तर नीट लिवते. चौथी शिकलेय, जोडाक्षरं चुकली तर चुकली. यात्रेच्या खेळात एकेक सोंग एकेका घराचं. राजा वरच्या आळीचा, राक्षस वढ्याकडच्या घराचा, आन् राणी आपली. आजा राणी, तुमी राणी. सगळ्या गावात मिशी नसलेला बाप्या तुमी एकटे. पावणे यायचे ते दारातच थांबायचे, तुमच्या वठाकडं बघायचे आन् बारीक आवाजात विचारायचे, "कोण गेलं वो घरात?" आई आतनं वरडायची, "कोण न्हाई गेलं, या आत! आमची राणी हाय ती!" लहानपणी मला त्याची लाज वाटायची. मंग यात्रा यायची. देवळापुढं पिंपांवर फळ्या टाकायच्या, मंचरचा भाड्याचा पडदा लागायचा, आन् तुमी लुगडं नेसून बाहेर यायचे तवा लाज कुठल्या कुठं जायची. राणी पहिल्यांदा बाहेर आली की गावच्या सवाष्णी वर चढणार, तिची ओटी भरणार, आन् मगच राणी तोंड उघडणार. तुमच्या पदरात तांदूळ, नारळ, खण. वाकून, डोळे मिटून घ्यायचे तुमी. ओटी भरून घेणारा बाप मी दुसऱ्या कुणाचा बघितला न्हाई.

मला पिंपळवंडीला दिली. चांगलं घर, बागायती, बारमाही पाणी. नवरा तापानं गेला, मूलबाळ नव्हतं, दिरांनी वर्षाच्या आत मला यष्टीत बसवून दिलं. आले परत. आई तवर गेलेली. तुमच्या खाचरात भात लावला, वरई केली, शेण काढलं. कुणापुढं रडत बसले न्हाई. तुमीबी काही विचारलं न्हाई, ते बरं केलंत.

मंग त्या साली तुमचा गुडघा सुजला, भोपळा झाला नुसता. गावात नुकते टीव्ही आलेले. पोरांना खेळ नको, रेकॉर्डवरचा नाच पायजे व्हता. कमिटीवाले पडवीत येऊन बसले, मी आत चुलीवर चहा ठेवला. म्होरक्या म्हणतो, "आबा, औंदा राणीचं सोंग पुतण्याच्या घरात द्या. त्याचा पोरगा गोरा हाय. न्हाईतर सरळ ऑर्केस्ट्रा सांगू. पोरं म्हणत्यात, बुड्ढे लोग का ड्रामा किती दिवस बघायचा?" तुमी गुडघा दाबत गप. तुमी गप बसलेलं मला बघवंना. चहा ठेवला तसाच आन् दारात आले.

"मी करते राणी."

हसले सगळे. राजाचं सोंग करणारा तर फळीवर हात मारून हसला. म्हणला, "अगं आक्के, बाप्यानं बाई केली तर ते सोंग. बाईनं बाई केली तर त्यात सोंग कुठं राहिलं? ती तर बाईच झाली की!"

मी म्हणलं, "मंग तू राजा करतोस ते बरं हाय. तुझं सोंगच सोंग. घरात बायको तुला पाणीबी वाढत न्हाई."

तेवढ्यापुरते त्याला हसले. मंग म्होरक्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. अशी टोपी काढली की समजायचं, आता वाईट बोलणार. "बोलती लई, बोलू दे. पण राणीला कुंकू लागतं, बाई. चुडा लागतो. सवाष्णी ओटी भरत्यात. तुझ्या कपाळाचं काय करायचं?"

"आबा बाप्या असून त्यांच्या कपाळाला चालतं," मी म्हणलं. "मी जन्माची बाई, आन् मला चालत न्हाई? हा कुठला हिशेब?"

 सगळे तुमच्या तोंडाकडं बघायला लागले. मीबी बघत व्हते. वाटलं, आता तुमी एक तरी शब्द माझ्या बाजूनं टाकाल. आन् तुमी मान वर न करता म्हणलात, "तिला चालता येत न्हाई."

कपाळाचं न्हाई, रीतीचं न्हाई. चालता येत न्हाई! माझं डोकं असं फिरलं आबा, की सगळ्यांना बिनसाखरेचा चहा दिला. एकानंबी तोंडातनं शब्द काढला न्हाई, प्याले गुपचूप. जाताना म्होरक्या एवढंच म्हणला, "बघा मंग, यात्रेआधी काय ते कळवा." मी रातभर भांडी आपटत व्हते ते तुमाला ऐकू आलंच असंल.

सकाळी मी शेणाची पाटी घेऊन अंगणातनं चाललेय, आन् तुमी ओट्यावरनं म्हणता, "पाटी ठेव. तिथनं हितवर चाल."

मी चालले. तुमी तोंड वाकडं केलं. "चिखलातनं पाय उपटल्यागत चालतीस."

"मी चिखलातच असते आबा. भात काय हवेत लावते?"

"राणी अशी चालत न्हाई."

"तुमी किती राण्या बघितल्यात वो? या डोंगरात कुठली राणी आली व्हती?"

तुमाला हसू आलं ते तुमी दाबलं, मला दिसलं. मंग म्हणलात, "राणीला घाई नसती. तिला ठाव असतं, ती पोचल्याबिगर काही सुरू व्हणार न्हाई. तुझ्यासाठी कवा कोण थांबलंय का?"

मी म्हणलं, "न्हाई."

"म्हणूनच तुला येत न्हाई. शिकावं लागंल."

मंग रोज सकाळी तेच. मी चालायची, तुमी वरडायचे. टाच आधी, मान सैल, पदर धरू नको, पदर आपला आपण राहतो. एका दिवशी तुमी त्या सुजल्या गुडघ्यावर उठलात, भिताडाला हात धरून चार पावलं चाललात मला दाखवायला. अंगणात धोतर नेसलेला म्हातारा चालला व्हता, आन् मी पाटी बाजूला सारून वाट करून दिली. आपोआप झालं. तवा मला समजलं सोंग म्हणजे काय ते. पण हे त्या शाळेच्या बाईला कसं सांगायचं?

कमिटीला तुमी सांगावा धाडलात, राणी आमच्याच घरची, आन् आपण जुन्नरच्या बाजारात गेलो ते तुमी विसरला नसाल. आपल्या नेहमीच्या मारवाड्याचं कापडदुकान. त्याचा बाप तुमच्या बापाला लुगडी द्यायचा, हा तुमाला. तुमाला बघितलं की लुगडं उलगडून तुमच्याच खांद्यावर टाकायचा, आरसा पुढं करायचा, "घ्या आबा, खुलून दिसतंय," आन् दुकानातल्या नव्या गिऱ्हाइकाचे डोळे मोठे व्हायचे. त्या दिवशीबी तो तुमच्या खांद्यावर टाकायला उठला. तुमी हात आडवा केलात. म्हणलात, "हिच्या खांद्यावर टाका. आन् हिरवं दाखवा." तो थांबला. त्यानं माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं, मंग तुमच्याकडं. हळूच म्हणला, "आबा, अंजिरीबी चांगलं आलंय." तुमी म्हणलात, "राणी हिरवं नेसती. मला सत्तर वर्षं झाली, मला शिकवू नका." त्यानं हिरवं काढलं. मी खांद्यावर घेतलं. आरशात बघितलं न्हाई, दुकानात लोक व्हते.

यात्रेच्या दिवशी मंचरचा रंगवाला कांद्याच्या ट्रकांमागं अडकला, दुपारी यायचा तो उन्हं कलल्यावर आला. शाळेच्या खोलीत त्यानं एकेकाला रंगवलं. मला सफेदा लावला, भुवया काढल्या, काजळ घातलं, चुडा पुढं सरकवला. मंग कुंकवाची डबी हातात घेतली आन् नुसताच उभा राहिला. घाम पुसायला लागला. म्हणला, "आबा, हे... मी कसं लावू?" त्याचा काय दोष, त्याला बायकापोरं हायेत. खोलीत राजा, राक्षस, शिपाई, सगळे भिताडाकडं बघत बसलेले. एवढा मोठा राक्षस, तोबी भिताडाकडं. मला असला तमाशा आवडत न्हाई. डबी हिसकली, बोट घातलं, लावलं.

तुमी खुर्चीत बसून बघत व्हता. म्हणलात, "वाकडं लागलंय. हिकडं ये." मी वाकले. तुमी अंगठ्यानं सारखं केलंत. "हां. जा आता. घाई करू नको."

पडदा वर गेला. मी तशीच चालले, तुमी शिकवलं तशी. पुढं येऊन उभी राहिले. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला. आता सवाष्णींनी उठायचं. ताट तयार व्हतं, पुढच्या रांगेत ठेवलेलं, मला वरनं तांदूळ दिसत व्हते. कुणी उठलं न्हाई. माझ्याबरोबर भात लावणाऱ्या बाया, माझ्या हातचं खाल्लेल्या बाया, खाली माना घालून बसलेल्या. मागनं एक पोरगं वरडलं, "ऑर्केस्ट्रा!" पेटीवाला तोच सूर ओढत बसला. म्होरक्या कडेला टोपी काढून उभा. तुमी विंगेत, तुमाला मी बघितलंच न्हाई. बघितलं असतं तर घाई झाली असती.

थांबले मी. खूप थांबले. मंग म्हणलं, न्हाई भरायची तर नका भरू, आन् राणीचं पहिलं बोलणं सुरू केलं. ओटी न भरता राणी बोलली, असं आपल्या गावात पहिल्यांदा झालं. आभाळ काय कोसळलं न्हाई. खेळ चालू झाला. राजा आधी अडखळला, मी त्याच्याकडं तुमच्यासारखं बघितलं, मंग आला ठिकाणावर.

पुढं ती जागा आली, राजानं राणीला घराबाहेर काढल्याची. राणी रानात एकटी, उंबऱ्याकडं बघून विचारती, "माझं काय चुकलं ते तरी सांगा." हे तुमी आळवून म्हणायचे, बाया हुंदके द्यायच्या. मी आळवलं न्हाई. मला आळवता येत न्हाई. पिंपळवंडीच्या यष्टी स्टँडवर जसं मनात म्हणलं व्हतं तसं सरळ विचारलं. आन् पाणी आलं डोळ्यांतनं. रडायचं म्हणून नाय, आलं.

तेवढ्यात फळ्या वाजल्या. बघते तर राक्षसाची म्हातारी आई, वढ्याकडची, गुडघ्यावर हात ठेवत वर चढतीय. एका हातात ते ताट. माझं रडणं अर्ध्यात, राजा आत बिडी पेटवतोय, पेटीवाला येडा होऊन बघतोय, आन् ती माझ्यापुढं येऊन उभी. "पदर पुढं कर," म्हणली. मी म्हणलं, "मावशे, खेळ चालू हाय." ती म्हणती, "दिसतंय मला. आधी ओटी घे, मग रड." माईकमधनं सगळ्या यात्रेला ऐकू गेलं. लोक हसले. हसता हसता पुढच्या रांगेतली एक उठली, मंग तिच्या शेजारची. रानात एकट्या असलेल्या राणीभवती बायांची रांग लागली. असला उलटा खेळ कुणी केला नसंल.

घरी आल्यावर मी तुमच्या पुढ्यात बसले. वाटलं, आता तरी बोलाल. तुमी गुडघ्याला तेल लावत म्हणलात, "ओटी घेताना रडणं थांबवलंस. रानातली राणी रडतच ओटी घेती." बस. पुढल्या पावसाळ्यात तुमी गेलात. तेवढं एकच बोलणं मला देऊन. मला राग हाय त्याचा, अजून हाय, आन् राहणार हाय. पण तवापासनं ओटी त्या रानातल्या जागीच भरत्यात, आन् दर साली मी रडतच घेतली, कुणी बोट ठेवायला जागा ठेवली न्हाई. आता माझाबी गुडघा धरतो. कमिटीत नवी पोरं आलीत, विचारत्यात, आजी, पुढं सोंग कुणाला? मी म्हणते, ज्याला चालता येतंय त्याला. आणा माणसं, अंगणात उभी करा, मी बघते.

हे कुठं टाकू? पोस्टमन मढवरनं येतो, तो काय तुमच्यापर्यंत जायचा न्हाई. हिरव्या लुगड्याच्या घडीत ठेवते, डांबरगोळ्यांजवळ.

एक ऱ्हायलं. दुसऱ्या दिवशी मी पाण्याला गेले ती पदर पार डोळ्यांवर ओढून. बाया म्हणल्या, काल वर चढली, आज लाजती बघा. लाजत नव्हते. तोंड धुतलं व्हतं, सफेदा काढला व्हता. कपाळावर तुमच्या अंगठ्यानं सारखं केलेलं तेवढं ठेवलं व्हतं. किती दिवस ठेवलं, कशापायी ठेवलं, ते विचारायचं न्हाई. सांगणार न्हाई मी.