मामीची टिकली आणि मामाची काळी दोन

सक्करदरा, नागपूर
सप्टेंबर १९८७

चिरंजीव कृष्णकांत यास शालिकराममामाचे पोटभर आशीर्वाद. इकडे मी, तुझी मामी आणि माझा डावा गुडघा ठीक आहोत. तुझ्या पोटाला मुंबईचे पाणी मानवले की नाही ते कळव.

पत्रास कारण तू धाडलेली ती विजेची पेटी. (तू तिचे इंग्रजी नाव सांगितले होतेस, भजनी मंडळात सगळे पेटीच म्हणतात.) आवाज झकास आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सूर वर-खाली करायचे ते गोल बटण! रेडिओचे बटण टोकाला गेले की मुकाट्याने थांबते, हे आपले गरागरा फिरतच राहते. तू समजावले होतेस की आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक नसते, किती फिरवले तेवढेच कळते. (असे लोक आपल्या नात्यातही आहेत, नावे लिहीत नाही.) आकडा दाखवणारी खिडकी तर प्रवासातच आंधळी झाली. शेवटी तुझ्या मामीने बटणाला आपली लाल टिकली चिकटवली. टिकली वर, म्हणजे मामाची काळी दोन. तरुणपणापासून माझी हीच पट्टी आणि मंडळात मला मान तिचाच.

गेल्या शनिवारी ताराचंदकडे भजन होते. मी चहा घेत असताना आमचे तबलजी भैय्याजी (हात रिकामा राहिला की यांना चैन पडत नाही) ते बटण फिरवत बसले. भरपूर फिरवून झाल्यावर टिकली त्यांनी प्रामाणिकपणे पुन्हा वर आणून ठेवली. टिकली जागेवर आली, सूर मात्र पार माळ्यावर जाऊन बसला. मी डोळे मिटून आवाज लावला तो मध्येच चिरकला. भैय्याजी बिचारे घाम पुसत तबला चढवत राहिले. इतकी वर्षे झांज वाजवत माझ्या जागेवर डोळा ठेवून बसलेले महादेवराव तेवढ्यात जवळ आले आणि सांत्वनाला आल्यासारखे म्हणाले, "तुहा आवाज थकला गा, शालिकराम. येत्या शनिवारी मले म्हणू दे."

सगळ्यांसमोर. मला फार लागले रे. घरी येऊन जुन्या साध्या पेटीशी सूर ताडून बटण पुन्हा काळी दोनवर आणले. तरी दिवाळीला येशील तेव्हा ही बला परत घेऊन जा.

तुझा मामा,
शालिकराम

ता. क. पत्र टाकायचे राहिले ते बरेच झाले. कालच्या शनिवारीही मीच गायलो, आणि महादेवराव मान डोलवत होते. पेटी नेऊ नकोस. तुझ्यापासून काय लपवायचे, माझा आवाज खरेच उतरला आहे. साध्या पेटीवर खालची पट्टी धरली की बोटांवरून सगळ्यांना कळते. हिच्यावर बोटे काळी दोनवरच राहतात आणि सूर गुपचूप खाली येतो. काल भजनाला निघण्यापूर्वी मी बटण जरासे उतरवले आणि टिकली काढून पुन्हा वर लावली.

ता. क. दुसरा. बटण अजून किती खाली जाते ते कळव. पण पाकिटातून कळव, पोस्टकार्ड तुझी मामी वाचते.

कृष्णा, पत्र टपालात टाकाले मामानं माह्याजवळ देलं, म्हणून खाली मी लिहिते. त्यायचा आवाज उतरला हे मले कधीचंच माहीत आहे. शनिवारी सकाळी मीच बटण उतरवून टिकली वर लावून ठेवली होती. त्याच्यावर त्यायनं अजून उतरवलं. आता खरी पट्टी कोणती, ते बटणालेही माहीत नाही. त्यायले काही सांगू नको. दिवाळीले येशील तं टिकल्यांचं पाकीट आणजो, अजून लागतील.

प्रेमिलामामी