गुलाब आणि मधली भिंत

२ ऑक्टोबर १९६१
सोनाळ्यात शाळेजवळ खोली मिळाली. घरमालक उकंडरावांची एकच अट. "मास्तर, मानसं कितीबी आना, जनावर नाई चालत." मी हो म्हटलं. माझा गुलाब एडका, म्हणजे मेंढा, असला तरी जनावर नव्हे, त्याला माझं ट्रेनिंग आहे. मागच्या बिऱ्हाडात त्यानं माझ्या बायकोला, आशाबाईला, चुलीपाशी आडवं केलं, तेव्हापासून ती माहेरी. तिचा निरोप आहे, दिवाळीला येते, पण एडका माणसाळला असला तरच राहीन. भरपूर वेळ आहे.

५ ऑक्टोबर
रांजण फुटला. माझी मांडी काळीनिळी. उत्साही आहे बिचारा. उद्यापासून डिसिप्लिन.

९ ऑक्टोबर
डिसिप्लिन सुरू. छडी दाखवली. छडीचे तीन तुकडे, माझा पुढचा एक दात गेला. छडी ओळखतो, म्हणजे हुशार आहे. वर्गात पोरं हसली. चौघांना बडवलं.

१५ ऑक्टोबर
गुलाबच्या टकरीनं मधल्या भिंतीला भगदाड. पलीकडे उकंडरावांचे सख्खे भाऊ भगवंतराव राहतात. भिंत कोणाची, यावरून दोघांचं सात वर्षं बोलणं नाही. भगदाड मीच लिंपलं. माती घट्ट बसावी म्हणून दोन शेर मीठ कालवलं. गवंड्याला हे सुचलं नसतं.

१६ ऑक्टोबर
गुलाब दिवसभर भिंत चाटतो आहे. टक्कर बंद. प्लॅन करेक्ट.

१८ ऑक्टोबर
उकंडरावांना कळलं. "काऊन हो मास्तर, हे काय होय?" मी म्हटलं, पाहुणा आहे. ते वाकून पाहायला गेले. गुलाबनं मागून टक्कर दिली, ते थेट उंबऱ्यावर. कपाळाला खोक. मग ते कुऱ्हाड शोधायला लागले. मी शांतपणे आतून कडी लावली. संध्याकाळी त्यांनी बाहेरून बजावलं, महिन्याअखेर खोली खाली करा.

२७ ऑक्टोबर
भिंत चाटून चाटून पातळ झाली होती. आज गुलाब आरपार, भगवंतरावांच्या स्वयंपाकघरात. ते काठी घेऊन धावले. त्यांच्या दोन फासळ्या आणि मनगट मोडलं. उकंडराव अंगणात पोट धरून हसत होते. मालकीणबाई सिंधूताई म्हणाल्या, हे सात वर्षांत पहिल्यांदाच हसून राह्यले. गुलाबला गूळ-भाकर मिळाली. मलाही माफ केलं असावं.

१ नोव्हेंबर
उकंडरावांनी अट बदलली. जनावर चालेल, मास्तर नाही. नुकसानीपोटी गुलाब त्यांचा. तो माझ्या खोलीत, मी तूर्त गोठ्यात. गोठा हवेशीर आहे. सिंधूताईंनी खोलीत मिठाचा मोठा खडा टांगला, तेव्हापासून गुलाबनं कोणाला शिंग लावलेलं नाही. म्हणाल्या, "त्याले मीठ पायजे होतं, मास्तर. कोन्याबी धनगराले पुसलं असतं तं सांगतलं असतं." माझ्या ट्रेनिंगचा परिणाम उशिरा दिसतो, एवढंच.

७ नोव्हेंबर, दुपारी
आशाबाई मोटारीनं आली. आधी खोलीत गेली. गुलाब रवंथ करत होता, उठलासुद्धा नाही. मग गोठ्यात आली. माझ्या गेलेल्या दाताच्या जागेकडे बराच वेळ पाहिलं. मी ट्रेनिंगचं सांगायला लागलो आणि बोलता बोलता आवाज चढला, हातात काठीही होती. ती म्हणाली, "दोघांतलं एक तरी मानसाळन असं वाटे मले. एडका मानसाळला."

त्याच मोटारीनं परत गेली. जाताना गुलाबच्या पाठीवरून हात फिरवला. मला फार वाईट वाटलं. उद्या शाळेला सुट्टी आहे.