तोल जातो म्हणून प्लेट

सोमवार, ३ मार्च
आज पुन्हा सूप सांडलं. हॉलची फरशीच वाकडी. मॅनेजर म्हणतो, नाचता येईना अंगण वाकडं. ज्याला ट्रे धरता येत नाही त्याने म्हणी सांगाव्यात! आणखी एकदा सांडलं तर भांडी घासायला बसवणार म्हणे. बसवून तर बघ. या हॉटेलात हेड वेटर व्हायच्या लायकीचा माणूस एकच आहे.

बुधवार, ५ मार्च
दाढ दुखते म्हणून डेंटिस्टकडे. बायको सोबत आली आणि नको तिथे बोललीच: ह्यांचा तोल फार जातो हो. डेंटिस्टच्या मते मी झोपेत दात खातो, त्यामुळे माझा जबडा एका बाजूला बसतो. जबड्याचा आणि शरीराच्या तोलाचा संबंध असू शकतो, पण नक्की सांगता येत नाही. घाबरट. मला नक्की कळलं. फरशी निर्दोष, गुन्हेगार जबडा! रात्री दातांवर घालायला प्लेट दिली.

शुक्रवार, ७ मार्च
मी काय सूप झोपेत वाढतो? प्लेट ड्यूटीवरच घातली. ओठ बंद, जीभ टाळूला. थेंब सांडला नाही! बोलायला गेलं की नुसतं 'हं हं' होतं, तेवढंच. मॅनेजर म्हणाला, काय हो, सुधारलात! मूर्खाला जबड्यातलं काय कळतंय. बायको म्हणाली, घरीही घालत जा. काळजी करते बिचारी.

शनिवार, ८ मार्च
उद्या मालकांची पार्टी. हॉल माझ्याकडे. जमली की हेड वेटर. मॅनेजरने मला 'साहेब' म्हणायची प्रॅक्टिस सुरू करावी.

सोमवार, १० मार्च
पार्टी उत्तम झाली. सुपापर्यंत. मालकांचे सासरे म्हणाले, सूप गार आहे. गार! स्वतःच गप्पा छाटत बसले होते. हे तोंडावर सांगणं भागच होतं, आणि 'हं हं'मध्ये ते मावेना. एका हातात ट्रे ठेवून दुसऱ्याने प्लेट काढली. निसटली. सासऱ्यांच्या सुपात. तरी सांगायचं ते सांगितलंच. 'थेरडा' हा शब्द तर फारच स्पष्ट आला. मग ट्रे गेला, तोही सासऱ्यांवरच.

म्हणजे सिद्धच झालं: प्लेट निघाली, तोल गेला. बायकोला समजावलं. तिने कपाळावर हात मारला. म्हणाली, अहो, मी डॉक्टरांना तुमच्या रागाचं सांगत होते!

मंगळवार, ११ मार्च
भांडी घासली. मॅनेजर दारातून बघून गेला. त्याला ऐकवायला दोन झकास वाक्यं तयार होती. तोंड उघडलं. हातात काचेचा बाऊल होता.

मिटलं.